अर्धा आटा

मी सातवी पास. त्यातही सहावीत दोनदा बसलेलो. दिवाळी अंकवाले मास्तर घरी आले आणि म्हणाले, "टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर काढलीत, गमतीजमती लिहा." मी म्हणालो, गमती आहेत दोन-तीन. एक गोष्ट मात्र गंमत नाही, आणि ती सोडून बाकीचं लिहिलं तर खोटं लिहिल्यासारखं होईल. मास्तर म्हणाले, तीही लिहा. बायको असती तर म्हणाली असती, "आवो, गप बसा." ती गेल्या पोळ्याला गेली. गप बसवणारं आता कोणी नाही.

आधी धंदा सांगतो. आताच्या पोरांना फोन म्हणजे खिशातली पाटी. आमच्या वेळी फोन म्हणजे तार. मोठ्या गावात एक्स्चेंज, तिथून जमिनीतून केबल, मग खांब, आणि खांबावर एक लोखंडी डबी. डबीत पितळी पेचांच्या जोड्या. एका फोनला दोन तारा, दोन पेच. दोन्ही पेच घट्ट असले की आवाज काचेसारखा. एक निघाला की फोन मेला. आणि एक नुसता ढिला असला तर घंटी वाजते, बोलणं होतं, पण मध्ये तव्यावर तीळ तडतडावेत तशी खरखर चालू राहते. एवढं ध्यानात ठेवा. बाकी धंद्यातलं काही कळलं नाही तरी चालेल.

माणसं एकेक नमुना भेटली. धारूरकडं एका म्हाताऱ्याच्या घरी पहिला फोन बसवला, तर तो चप्पल काढून, हात जोडून फोन घ्यायचा. त्याची म्हातारी दर शुक्रवारी रिसीव्हरला हळदीकुंकू लावायची. महिन्यात तक्रार आली, आमचा आवाज पलीकडं जात नाही. बोलायची चकती उघडली तर आत चिमूटभर कुंकू. मी म्हणालो, "आजी, देवीला आता बोलू द्या की." तर म्हातारी म्हणते, "बोलू दे की. कुकू लावलं म्हणून काय तिचं तोंड बंद झालं का?" मी मुकाट्यानं चकती पुसली. पुढच्या महिन्यात पुन्हा पुसली.

कडा गावाकडं एकदा वावटळीत सात खांब आडवे झाले. दोन दिवस चिखलात उभं राहून आम्ही ते उभे केले. तार जोडल्यावर पहिली घंटी वाजली ती एका बाईच्या घरी. तिच्या लेकीला मुलगा झाला होता. बाई मला खांबावरून उतरू देईना. "आधी साखर खा, मग उतर." खाली उभी राहून मूठ वर करत होती. असे दिवसही होते. ते मी विसरलेलो नाही.

आणि परळीचा व्यापारी. तिथं वीजकेंद्राच्या राखेनं फोन लवकर खराब व्हायचे, म्हणून आमचं जाणं-येणं जास्त. हा माणूस मला दुकानाच्या पायरीवर तासभर उभा करायचा. "ए लाइनवाल्या, थांब बे तिथंच." आमच्यात एक जुने लाइनमन होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी मला शिकवलं, "पेच पुरा काढू नको. पुरा काढला की तक्रार होती. अर्धा आटा ढिला कर. तक्रार होत न्हाई, तळमळ होती." मी केला. तिसऱ्या दिवशी व्यापारी म्हणाला, "या साहेब, आत बसा, गादीवर बसा." मी बसलो, थंड प्यालो, जाऊन पेच आवळला. एक्स्चेंजात ही गोष्ट आम्ही वर्षभर सांगितली. मीही हसायचो.

हसायचो, म्हणूनच पुढचं झालं.

माझी बायको भामा. तिचं माहेर धारूरच्या वर, घाटाच्या कडेला. गावाचं नाव लिहीत नाही. गावानं काही केलं नाही, केलं ते मी. माणसं मेंढ्यावाली आणि कोरडवाहू शेतीवाली. घरात सासरे, मेहुणा लिंबाजी, त्याची बायको, आणि भामाची धाकटी बहीण शेवंता. शेवंता दहावी झालेली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई केली, तेव्हापासून ती भावाकडं होती. दसरा झाला की लिंबाजी ऊसतोडीला जायचा. तोडीला जोडी लागते, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. त्याच्या बायकोची कंबर गेली होती, म्हणून दोन वर्षं शेवंता गेली. थंडीत पालात राहायचं, अंधारात उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा तिची मान वळत नव्हती.

त्याच सुमाराला शहरात मोबाईल दिसायला लागले होते आणि खेड्यांत इंटरनेट न्यायचं वारं आलं होतं. एका संस्थेनं गावाच्या चावडीत कम्प्युटर ठेवला. शेवंता बीडला महिनाभर शिकून आली. अट अशी होती, महिनाभर चालवून दाखवायचा, मग साहेब येऊन परीक्षा घेणार. पास झालं तर मशीन गावाला आणि शेवंताला तिथंच कायमचं काम. नापास झालं तर मशीन दुसऱ्या गावाला. म्हणजे शेवंताला एक तर चावडी, नाही तर कोयता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला तर होतंच.

तार मीच ओढली. डोंगरातून, खिंडीतल्या खांबावर डबी बसवून, चावडीपर्यंत. सांगतो, चांगली ओढली होती. कम्प्युटर तेव्हा फोनच्याच तारेवरून बोलायचा. आधी कोंबडं चिरडल्यासारखा ओरडायचा, मग लागायचा. शेवंता त्यावर तुरीचा भाव काढून फळ्यावर लिहायची. पुण्याला कारखान्यात असलेल्या एका पोराची चिठ्ठी त्याच्या आईला वाचून दाखवली तर बाई मशीनच्या मागं जाऊन बघून आली. एका मेंढीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, माझी कानफाटी मेंढी दोन दिस झालं दिसंना, इच्यार त्याला."

"बाबा, त्याला मेंढ्या दिसत न्हाईत."

"मग काय दिसतं त्याला?"

"अमेरिका दिसती."

"तिकडं न्हाई गेली ती," म्हातारा म्हणाला आणि उठून गेला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी अधिक महिना आला. आमच्यात अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. त्याचे पाय धुतात, पाटावर बसवतात, तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासकट त्याच्या हातात देतात. तीन वर्षांनी एकदा येणारा मान. आम्ही दोघं गेलो. माझ्यासाठी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. तेवढ्यात संस्थेची जीप आली. साहेब सहज चावडी बघायला आलेले. लिंबाजी धावत गेला, त्यांना घरी घेऊन आला आणि त्या पाटावर बसवलं. माझ्या पाटावर. गंध त्यांना आधी. आणि माझ्या वाणातला एक अनारसा उचलून त्यांच्या ताटलीत.

सासरे पुटपुटले, "आरं, पाव्हण्याचा पाट हाय त्यो."

लिंबाजी म्हणाला, "दाजी घरचंच हायत. बसतील कुटंबी!"

सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "हे लाइनमन का? मग लाइन नीट ठेवा बरं का." पुन्हा हसले. भामा आत तळणीपाशी होती, तिला यातलं काही दिसलं नाही. मला जमिनीवर पोतं अंथरून बसवलं. साहेब गेल्यावर वाण माझ्या हातात दिलं. मी मोजलं. बत्तीस.

तुम्ही म्हणाल, एका अनारशासाठी? हो. एका अनारशासाठी. मी ताटावरून उठलो, ड्यूटीचं निमित्त काढलं, लूना काढली, आणि खिंडीतल्या खांबावर चढून डबीतला एक पेच अर्धा आटा ढिला केला.

डोक्यात काय होतं तेही सांगतो. रुसलेल्या जावयाची समजूत काढायला सासुरवाडीची माणसं येतात. टोपी, नारळ घेऊन येतात, चुकलं म्हणतात. माझा हिशोब एवढाच. लाइन खरखरेल, लिंबाजीला कळेल की दाजी कुटंबी बसत नसतो, तो येईल, मी दोन दिवस भाव खाईन, पेच आवळीन. शेवंताचं वाईट माझ्या मनात नव्हतं. पण शेवंताच मनात नव्हती, हे आता कळतं.

कोणी आलं नाही. भामा माहेरीच राहिली होती. तिसऱ्या दिवशी एक्स्चेंजात शेवंताची तक्रार आली, मशीन लागत नाही, लागलं तर तुटतं. माणसाला खरखर चालते, तो "आं? काय?" करत बोलणं निभावून नेतो. मशीनला खरखर चालत नाही, ते लगेच तुटतं. हे मला माहीत होतं. मी गेलो, माझा टेस्टचा फोन चावडीतल्या तारेला लावला, नंबर फिरवला.

"लाइन चालू हाय," मी म्हणालो. "घंटी हाय, आवाज हाय. तुझ्या मशीनमधीच काहीतरी आसंल."

ती म्हणाली, "दाजी, आधी लागायचं की. माझंच काही चुकायलंय का?"

मी म्हणालो, "बघ बाबा. नवी शिकलीस."

हे वाक्य मी बोललो. तिच्या तोंडावर. आणि तक्रारवहीत लिहिलं, लाइन ठीक. "घरी चला की, अक्का हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, ड्यूटीवर हाय. लिंबाजीनं येऊन बोलवावं, असं मनात.

आठव्या दिवशी परीक्षा. चावडीत गाव जमलेलं. मीही होतो, लाइनीचा माणूस म्हणून बोलावलेला. शेवंता नवं लुगडं नेसलेली. मशीन ओरडलं, लागलं, तुटलं. पुन्हा. पुन्हा. पाच वेळा. तिचा हात कम्प्युटरच्या त्या उंदरावर असा घट्ट की बोटं पांढरी पडली. साहेबांनी विचारलं, "लाइन?" मी वही पुढं केली. लाइन ठीक. साहेब चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाईंना शिक्षण कमी पडलं. त्यांचा दोष नाही." ते ऐकताना ती माझ्याकडं बघत होती. मदतीसाठीच बघत होती.

खिंड तिथून लूनावर पाच मिनिटं. पेचकस खिशात. मी हाललो नाही. कारण आता दुरुस्त केलं तर विचारतील, काय झालं होतं? आणि वहीत तर मीच ठीक लिहिलेलं. परळीच्या व्यापाऱ्याला तीन दिवसांत वठणीवर आणणारा हुशार माणूस, तो तिथं भिंतीला टेकून घामानं भिजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप मशीन घेऊन गेली. दुपारी मी खांबावर चढलो आणि पेच आवळला. आवळल्यावर टेस्ट करायची सवय. हातानं आपोआप चावडीचा नंबर फिरवला. फोन अजून तिथंच होता. पहिल्याच घंटीला उचलला.

"नमस्कार, माहिती केंद्र," शेवंता म्हणाली. शिकवल्यासारखी. रिकाम्या टेबलापाशी बसून.

मी आवाज जाड करून म्हणालो, "टेस्टिंग," आणि ठेवून दिला. आवाज काचेसारखा होता.

दसऱ्यानंतर शेवंता टोळीबरोबर गेली. ती अकरा वर्षं जात होती.

भामा माहेराहून आली ती गप्प आली. मला वाटलं, बहिणीचं दुःख. पुढचा अधिक आला तेव्हा मी विचारलं, जायचं का? म्हणाली, "न्हाई. हितंच करते धोंडा." मग तिनं घरी तेहतीस अनारसे तळले, मला पाटावर बसवलं, माझे पाय धुतले, वाण हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. मोजून घ्या." हसली नाही, रागावली नाही. पुढच्या प्रत्येक अधिकात हेच. पाट, पाय, तेहतीस, "मोजून घ्या." तिला कळलंय का, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. तिनं सांगितलं नाही. गुडघे गेले तरी तळणीपाशी बसायची. शेवटच्या वेळी तिच्या हातून दिवा ताटात कलंडला. मी मोजले. प्रत्येक वेळी मोजले. ती समोर उभी राहायची ना.

दवाखान्यात शेवटचे आठ दिवस ती शुद्धीत होती. बोलायला वेळ होता. मी तिला पेज भरवली, पाय चेपले, पोरांच्या गोष्टी काढल्या. ते एक सोडून सगळं बोललो.

यंदा पुन्हा अधिक आला. मी स्वतः अनारसे करायला बसलो. पीठ शेजारणीनं दिलं. पहिले आठ-दहा तुपात विरघळून गेले. मग जमले, वेडेवाकडे. तेहतीस करून डब्यात भरले आणि एसटीनं सासुरवाडीला गेलो. सासरे कधीच गेले. लिंबाजीही आता राहिला नाही. शेवंता एकटी ओट्यावर शेंगा फोडत होती. मान अजून पूर्ण वळत नाही, सगळी फिरून बघते.

"दाजी? कावून आलात येवढ्या उन्हाचं?"

मी डबा पुढं ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. पाट, बत्तीस, पेच, वही, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "बसा. पानी पिता का?"

"शेवंते, ऐकलंस का?"

"मला ठावं हाय की. तवाच कळलंतं."

मी ओट्यावर बसलो.

ती सांगत गेली. त्या दिवशी मी ताटावरून उठलो तेव्हा भामा माझी राहिलेली टोपी घेऊन मागून आली होती. वळणावरून तिला मी लांब खिंडीतल्या खांबावर दिसलो. ती आनंदानं घरी परत गेली आणि सगळ्यांना म्हणाली, "बघा, शेवंताच्या लाइनीपायी जेवणावरनं उठून खांबावर चढले." म्हणून समजूत काढायला कोणी आलं नाही. मी रुसलोय असं कोणाला वाटलंच नाही. मी देवमाणूस ठरलो होतो.

"आन मग आठ दिस खरखर," शेवंता म्हणाली. "मशीन गेलं, आन दुपारी घंटी वाजली तर आवाज सोच्छ. 'टेस्टिंग' म्हनलात. आवाज जाड केला म्हनून काय वळखू येत न्हाई का दाजी? माझ्या हातात फोनच ऱ्हायला. अक्का शेजारीच बसलीवती. तिनं माझं तोंड बघितलं. मी काय बोलले न्हाई. पाट, अनारसा, तुमी वाण मोजलंतं, समदं वहिनीनं तिला आदीच हसत सांगितलंतं. तिचं तिनंच जोडलं."

"मग साहेबाला सांगायचं ना! मशीन परत आलं आसतं."

"आलं आसतं. आन तुमची नोकरी गेली आसती. सरकारी तार बिघडवली म्हनून. अक्काच्या पदरात दोन लेकरं. ती माज्या पाया पडली, थोरली आसून. म्हनली, सांगायचं तर सांग, मी आडवत न्हाई. आता पाया पडल्यावर कोन सांगंल?"

"आन तू कोयता घेतलास."

"मग कोन घेनार होतं? तुमी?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "अक्का मागायची. दर भाऊबीजेला फोन करून मागायची, तुमी बाहीर गेलात की. मी म्हनायचे, आगं, तू कावून मागायलीस? तर म्हनायची, ते मागनार न्हाईत." शेंगांची सुपली तिनं बाजूला ठेवली. "मागितली की तुमी. उशीर केलात. तिला ऐकायला घावलं आसतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

मग ती आत गेली, पाट घेऊन आली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी उठायला लागलो, हे नको म्हणायला. तिनं पाट भिंतीपाशी मांडला, रिकामा. डबा उघडला. माझे वेडेवाकडे अनारसे बघून जरा हसली. मग तिनं एक उचलला, पाटासमोर पानावर ठेवला आणि पदर डोक्यावरून घेतला.

"हा अक्काचा," ती म्हणाली. मग सगळी फिरून माझ्याकडं बघितलं. "आता बत्तीस ऱ्हायले, दाजी. चालंल न्हवं?"